सपाट व्हील कव्हर घरी करताना: साताऱ्यातल्या एका स्विफ्टचं प्रकरण

गाडी पेट्रोल स्विफ्ट, खालचं मॉडेल, लोखंडी रिम, टायर १६५/८० आर १४. वापर असा: आठवड्याला एक सातारा–पुणे फेरी, जाऊन-येऊन साधारण २२० किलोमीटर, बाकीचे दिवस पोवई नाक्यापासून एमआयडीसीपर्यंतची किरकोळ धाव. मालकांना ऍव्हरेज वाढवायचं होतं आणि चारही चाकं सपाट झाकायची होती. काम तीन टप्प्यांत झालं. पहिलं कव्हर रस्त्यात गळून पडलं, दुसऱ्याला तडे गेले, तिसरं टिकलं. चकती कापणं हा यातला सोपा भाग. ती चाकावर धरून ठेवणं आणि तिच्यामागे ब्रेकला श्वास घेऊ देणं, खरं काम तिथे आहे.

आधी हिशेब

गाडीला हवेचा जो एकूण विरोध होतो, त्यातला सुमारे पाव हिस्सा चाकं आणि चाकांच्या खोबणीतून येतो. रिमच्या खिडक्या आणि खोलगट तोंड फिरताना हवा घुसळतात. तोंड सपाट केलं की ती घुसळण कमी होते, पण सगळा पाव हिस्सा वाचत नाही, कारण टायर आणि खोबण जिथल्या तिथेच असतात. चार चांगल्या कव्हरांनी हवेचा विरोध ३ टक्के कमी होईल असं धरू.

साताऱ्याची उंची सुमारे सातशे मीटर, त्यामुळे हवा थोडी विरळ. ताशी ९० ला या आकाराच्या गाडीवर हवेचा विरोध सुमारे २३० न्यूटन आणि टायरच्या लोळण्याचा सुमारे १२० न्यूटन. २३० चे ३ टक्के म्हणजे ७ न्यूटन. एकूण ३५० मधून ७ गेले, म्हणजे २ टक्के. ताशी ५० ला हाच फायदा १ टक्क्याच्या आसपास उरतो, आणि गावातल्या थांबत-थांबत चालण्यात तोही दिसत नाही. वर्षाला ११,००० हायवे किलोमीटर, लिटरला १८ चं ऍव्हरेज आणि १०५ रुपयांचा दर धरला तर बचत १२ लिटर, म्हणजे साडेबाराशे रुपयांच्या आसपास. टायरमध्ये चार-पाच पीएसआय हवा कमी असेल तर ही सगळी बचत तिथेच जाते. म्हणून पहिली खरेदी पत्र्याची नको, हवेचा दाब मोजायच्या गेजची हवी.

एवढं कळूनही ज्याला करायचं आहे त्याने जरूर करावं. चाक धुवायला सोपं होतं, दिसतंही छान. फक्त ऍव्हरेज २० वरून २५ होईल या आशेवर पत्र्याला हात लावू नये.

पहिलं कव्हर: ५ मिमी सनबोर्ड

फ्लेक्सवाल्याकडे मिळणारा सनबोर्ड हलका, कटरने कापता येणारा आणि स्वस्त, त्यामुळे हात आधी त्याच्याकडे जातो. इथेही तेच झालं. चार गोल कापले, प्रत्येकाला कडेजवळ सहा भोकं पाडली आणि रिमच्या खिडक्यांतून केबल टाय ओवून आवळले. दिसायला काम झकास.

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपला की उतार आणि एस वळण लागतं. तिथे ब्रेक लागतातच. शिरवळला चहाला थांबल्यावर पाहिलं तर पुढचं डावं कव्हर नव्हतं आणि पुढचं उजवं बशीसारखं वाकलं होतं. मागची दोन्ही जशीच्या तशी होती.

मागची वाचली आणि पुढची गेली, यातच कारण आहे. सनबोर्ड म्हणजे फेसाळलेलं पीव्हीसी. ७०–८० अंशांना ते मऊ पडतं, आणि उतारावर पुढच्या ब्रेकची उष्णता रिमच्या तोंडापर्यंत पोचते. मऊ झालेल्या बोर्डातली भोकं टायने लांबट केली. दुसरीकडून रिमच्या खिडकीची कच्ची धार टायला करवतीसारखी घासत होती. उरलेल्या उजव्या कव्हराच्या सहापैकी दोन टाय अर्धे कापलेले निघाले.

या गाडीचं चाक ताशी १०० ला मिनिटाला साडेआठशेच्या वर फेरे घेतं. मध्यापासून १८० मिमीवर बसलेल्या वस्तूवर तेव्हा गुरुत्वाच्या सुमारे दीडशे पट ओढ असते. १० ग्रॅमचा बोल्ट दीड किलोच्या जोराने बाहेर निघायला बघतो. शिवाय हवा चकतीला बाहेर खेचते ती वेगळी. त्या वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब चकतीच्या अख्ख्या क्षेत्रफळावर धरला तर ५० न्यूटन, म्हणजे पाच किलोचं वजन. सुटलेली चकती मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीवर उडू शकते. त्या दिवशी मागे कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

दुसरं कव्हर: पत्रा बरोबर, रिव्हेट चूक

दुसऱ्या वेळी दोन निर्णय योग्य झाले. एक, १ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. दुसरा, चकती थेट रिमवर न लावता कंपनीच्या जुन्या १४ इंची प्लॅस्टिक व्हील कॅपवर लावायची. या कॅपला मागे क्लिपा आणि तारेची रिंग असते, आणि ती रिमच्या आतल्या खाचेत बसते. खड्डे, उष्णता आणि फेरे यांसाठीच ती घडवलेली असल्याने चाकावर टिकण्याचा निम्मा प्रश्न आधीच सुटलेला असतो. जुन्या बाजारात चार कॅप सहज मिळतात. ओरखडे चालतील, क्लिप तुटलेली मात्र एकही चालणार नाही. तारेची रिंग हाताने दाबून बघायची. ढिली वाटली तर तो नग सोडून द्यायचा.

चकती कॅपवर पॉप रिव्हेटने (भोकात घालून मागून फुगवायच्या खिळ्याने) मारली, आणि काही आठवड्यांत प्रत्येक रिव्हेटभोवती प्लॅस्टिकला केसासारखे तडे गेले. प्लॅस्टिक उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तीन-चार पट जास्त प्रसरण पावतं. ६० अंशांचा फरक पडला तर ३८० मिमी व्यासाचा पत्रा अर्धा मिलिमीटर वाढतो, तर प्लॅस्टिक दोन मिलिमीटरच्या आसपास. रिव्हेट दोघांना जखडून ठेवतो आणि फुगतानाही भोक ताणतो. तडा जाणार तो प्लॅस्टिकलाच. दुसरी तक्रार आवाजाची होती. सपाट पत्रा ताशी ६० नंतर डबा वाजावा तसा वाजायचा. उपाय जाड पत्र्यात नव्हता, आकारात होता.

तिसरं कव्हर: जे टिकलं

मापापासून सुरुवात. १४ इंची रिमच्या टायर बसायच्या जागेचा व्यास ३५४.८ मिमी असतो. बाहेरची ‘जे’ (J) प्रकारची कड दोन्ही बाजूंनी १७.३ मिमी धरली तर बाहेरून बाहेर सुमारे ३८९ मिमी. तरी आपल्या रिमवर टेप लावून बघावाच, कारण काही छोट्या गाड्यांच्या रिमची कड बुटकी असते. चकतीची कड टायरच्या रबराला कुठेही लागता कामा नये. वळणावर आणि खड्ड्यात टायरची बाजू फुगते, आणि पत्र्याची धार तिला रोज थोडी थोडी कापते.

१ मिमी पत्र्याची ३९० मिमी व्यासाची चकती सुमारे ३२० ग्रॅम भरते. ३ फूट × ३ फूट तुकड्यात चार बसतात. असा तुकडा सव्वादोन किलोच्या आसपास भरतो आणि पत्रेवाला किलोवर विकतो. ०.७ मिमी घेतला तर हातानेच दबतो; १.२ चा घेतला तर कातरीने कापताना हात भरून येतात, फायदा काही नाही. एमआयडीसीत लेझर कटिंगवाल्याला फाइल दिली तर काम तासात होतं. हाताने करायचं असेल तर मध्याला ८ मिमी भोक पाडावं, पट्टी आणि खिळ्याच्या कंपासने गोल आखावा, रेघेच्या २ मिमी बाहेरून पत्रा-कातरीने कापावं. मग चारही चकत्या एकाच एम ८ बोल्टवर एकत्र आवळून कड कानसीने एकदमच घासावी. चारही सारख्या होतात आणि कातरीचे दात निघून जातात. धार अंगठ्याला लागणार नाही इतकी मोडावी, नाहीतर पंक्चरवाला शिव्या घालेल आणि त्याचं चुकणार नाही.

आता पोट द्यायचं. चकतीचा परीघ १२२५ मिमी. कडेला फक्त ३ मिमी रुंद आणि मध्याकडे निमुळती होत जाणारी पाचर कापून काढली आणि फट जुळवली की चकती उथळ शंकू होते; मध्य सुमारे १३–१४ मिमी वर येतो. ३ मिमीच्या पाचरीने एवढी उंची मिळते यावर आधी विश्वास बसत नाही, म्हणून लोक १०–१२ मिमी कापतात आणि मध्य २५ मिमीच्या वर जाऊन टायरच्या बाहेर डोकावतो. फूटपाथला पहिला तोच घासणार. आधी जाड पुठ्ठ्यावर करून बघावं. फटीच्या आतून २० मिमी रुंद, १२० मिमी लांब पट्टी ठेवून दोन्ही बाजूंना तीन-तीन, असे सहा ३.२ मिमीचे अ‍ॅल्युमिनियम रिव्हेट मारायचे. इथे पत्र्याला पत्राच आहे, त्यामुळे रिव्हेट चालतो. बाहेरचं तोंड गुळगुळीत राहतं, आणि पोट आल्यावर पत्रा वाजायचा थांबतो.

व्हॉल्व्हचं भोक पट्टीला लागूनच, पण पट्टीच्या बाहेर घ्यावं. व्हॉल्व्हच्या टोकाला खडू फासून चकती दाबली की जागा उमटते. भोक ३२ मिमी हवं. लहान केलं तर पंपावर हवा भरणाऱ्याची नळी आत जात नाही आणि पोरगा कव्हरच उपटून काढतो. पट्टी आणि रिव्हेट मिळून १० ग्रॅमच्या आसपास, भोकातून गेलेला पत्रा २ ग्रॅम. फरक भरून काढायला पट्टीच्या बरोबर समोर, आतल्या बाजूने कडेजवळ, ५ ग्रॅमचं चिकट वजन लावावं. मध्य दोन मिलिमीटर सरकला तरी परिणाम कडेवर चार ग्रॅमहून कमी. मात्र याहून वाकडं बसलं तर स्टिअरिंगला कंप जाणवेल, आणि लोक ते बॅलन्सिंगवर ढकलतील.

चकती कॅपला बसवताना प्रत्येकी सहा एम ५ स्टेनलेस बटन-हेड स्क्रू, सगळे मध्यापासून १३०–१४० मिमीवर, कॅपच्या जाड फासळ्यांवर. प्लॅस्टिकमधलं भोक ६.५ मिमी ठेवायचं, म्हणजे प्रसरणाला वाव राहतो. मागे मोठा वॉशर आणि नायलॉक नट. नट आवळून वॉशर प्लॅस्टिकमध्ये रुतवू नये. चकती हाताने हलत नाही एवढंच पुरे, नट सुटू न देण्याचं काम नायलॉनचं. कॅप आणि चकती यांच्या मध्ये कडेने ३ मिमी रबरी फोमची पट्टी, म्हणजे खडखड नाही. ही पट्टी फक्त मागच्या चाकांना. पुढच्याचं वेगळं आहे, ते खाली.

शिवाय विम्यासारखे प्रत्येक चाकाला दोन ४.८ मिमी काळे केबल टाय. ते कॅपच्या आणि रिमच्या खिडकीतून जातात, पण धारेवर घासू नयेत म्हणून सिलिकॉनच्या नळीत घातलेले. क्लिप सुटली तरी कव्हर लोंबकळेल, उडणार नाही. टायचं डोकं बाहेर, आत फक्त पट्टी. आत कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबणारा चिमटा) किती जवळ आहे ते बघायला कॅलिपरवर कणकेचा गोळा चिकटवावा, चाक बसवून हाताने एक फेरा द्यावा आणि चाक काढून उरलेल्या कणकेची जाडी मोजावी. ५ मिमीहून कमी उरली तर त्या खिडकीतून काहीही ओवायचं नाही.

एक गोष्ट या प्रकरणात सुचवली गेली होती आणि वेळीच थांबवली: चकतीला चार भोकं पाडून ती चाकाच्या नटांखालीच दाबायची. सोपी वाटते, पण चालणार नाही. नटाची निमुळती बूड रिमच्या खाचेत लोखंडावर लोखंड बसायला हवी. मध्ये अ‍ॅल्युमिनियम आला की तो उष्णतेने आणि दाबाने चेपतो, नटाचा ताण जातो आणि नट ढिले होतात. ते चकतीमागे असल्याने दिसतही नाहीत. त्यासाठीच कव्हर चढवण्याआधी नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळावेत, ५०–१०० किलोमीटर उघडी गाडी चालवावी, परत तपासावेत आणि मगच झाकावं. रिमच्या कडेला ठोकून बसवलेली बॅलन्सची वजनं असतील तर कॅप तिथे नीट बसत नाही. टायरवाल्याकडून ती काढून आतून चिकटणारी लावून घ्यावीत.

पुढच्या चाकांचं वेगळं का

अमेरिकेत बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचे विक्रम करणाऱ्या गाड्यांना अशा चकत्या कित्येक दशकं लावतात. ‘मून डिस्क’ हे नाव डीन मून यांच्यावरून पडलं. पण तिथे मैलोन् मैल सपाट मीठ असतं, घाट नसतो. आपल्याकडे गणित निराळं. माणसांसकट ११५० किलोची गाडी १०० मीटर खाली उतरली की ११ लाख ज्यूलहून जास्त उष्णता कुठेतरी जावी लागते. त्यातली ७० टक्के पुढच्या दोन ब्रेक डिस्कनी घेतली, डिस्क प्रत्येकी साडेचार किलोच्या धरल्या, इंजिन ब्रेकिंग नाही आणि वाराही नाही असं मानलं, तर त्या १९० अंशांनी तापतात. प्रत्यक्षात गिअर आणि वारा यातलं बरंच उचलतात. चकतीने अडतो तो हा वाराच.

म्हणून पुढच्या दोन चकत्या कॅपपासून ६ मिमीच्या नळ्या घालून पुढे आणल्या आणि फोमची पट्टी काढली. कडेभोवती ६ मिमी फट म्हणजे जवळजवळ ७३ चौरस सेंटिमीटर वाट. रिमच्या खिडक्यांतून आलेली गरम हवा फिरण्याच्या जोराने त्या फटीतून बाहेर फेकली जाते, आणि तोंड तरी सपाट राहतं. मागचे ड्रम ब्रेक कमी तापतात, तिथे पूर्ण बंद चाललं.

तपासणी अशी: खंबाटकीच्या उतारानंतर सुरक्षित जागी थांबून इन्फ्रारेड गनने तापमान घ्यायचं, एकदा कव्हरसह, एकदा कव्हराशिवाय, तोच वेग आणि तोच गिअर ठेवून. डिस्कच्या चकचकीत भागावर गन फसवी कमी आकडा दाखवते. डिस्कच्या मधल्या गंजट भागावर नेम धरावा. पुढच्या बाजूला ३०–४० अंशांहून जास्त फरक आला तर फट वाढवायची, असा निकष ठेवलेला बरा. वाई–पाचगणीच्या पसरणी घाटात किंवा मेढ्याकडून केळघरच्या घाटात मात्र निकषबिकष नाही: पुढची दोन्ही काढून डिकीत. पाचगणीहून वाईला उतरताना उंची पाचशे मीटरहून जास्त कमी होते, आणि सुट्टीच्या दिवशी पुढच्या गाड्यांमुळे पाय ब्रेकवरून उचलताच येत नाही.

ऍव्हरेजचं काय झालं

मालकांच्या वहीतल्या टाकी-फुल नोंदींत कव्हर लागल्याचा दिवस शोधून सापडत नाही. ३५ लिटर भरताना नोझल अर्धा लिटर आधी किंवा नंतर बंद झालं तरी दीड टक्का इकडचा तिकडे होतो. कात्रजला अडकलेली एखादी संध्याकाळ त्याहून जास्त खाते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून वेळ मोजायची पद्धत कागदावर चांगली आहे, पण ताशी ८० वरून ६० वर यायला साधारण २४ सेकंद लागतात आणि कव्हरांनी त्यात फरक पडतो ०.४ सेकंदाचा. रस्त्याला हजार मीटरला एक मीटर एवढा डोळ्यांना न दिसणारा उतार असला तरी तो कव्हरांच्या दुपटीहून जास्त परिणाम करतो. दोन्ही दिशांना कितीतरी वेळा मोजल्याशिवाय अर्थ नाही, आणि हायवेवर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं शहाणपणाचं नाही. मालकांनी मोजायचा नाद सोडला.

देखभाल थोडी आहे. पावसाळ्यात मागच्या बंद कव्हरांच्या आत लाल चिखल साचतो आणि वाळला की एका बाजूला वजन होतं. सकाळी निघताना कंप आला तर बॅलन्सिंगला जाण्याआधी पाण्याचा फवारा मारावा. ऊसाच्या हंगामात कडेच्या फटीत पाचट अडकतं, ते ब्रेक गरम असताना आत राहू देऊ नये. दर महिन्याला सहाही स्क्रू हाताने फिरवून बघावेत, केबल टाय दर सहा महिन्यांनी बदलावेत, आणि दोन जादा टाय व एक छोटी कटर गाडीच्या कप्प्यात ठेवावी. पंक्चर झालं तर टाय कापल्याशिवाय चाक उघडत नाही, आणि हे पंक्चरवाल्याला आधी सांगितलं नाही तर तो स्क्रूड्रायव्हर घालून कॅपच्या क्लिपा मोडतो.